रोपापासून रंजक्यापर्यंत : मराठवाड्यात घरची मिरची

हौसेनं कुंडीत मिरची लावणारे बहुतेक जण रोप आणतात मार्चमध्ये. महिनाभरात झाड हिरवंगार होतं, कळ्या लागतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात एकेक फूल देठासकट गळून पडतं. मग कुणी खत वाढवतं, कुणी औषध मारतं, कुणी रोपवाल्याला बोल लावतं. खरं तर झाडात काही खोट नसते. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचं २४-२५ च्या वर राहू लागलं की मिरचीचे परागकण कमजोर होतात आणि फळ धरत नाही. परभणी, नांदेड, जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत झाड जिवंत ठेवणं एवढंच आपल्या हाती असतं.

म्हणून घरच्या मिरचीत वाण नंतर ठरवायचा, आधी तारीख. आणि ही तारीख शेवटाकडून मागे मोजायची. वर्षभराचं टिकवायचं असेल, म्हणजे रंजका (ओल्या लाल मिरचीचं मीठ-लिंबू घालून आंबवलेलं वाटण) घालायचा, तिखटाला मिरची वाळवायची, तर लाल मिरची हातात यायला हवी डिसेंबर ते फेब्रुवारीत. तेव्हा आभाळ मोकळं असतं, हवा कोरडी असते, पावसाची धास्ती नसते. बी टाकल्यापासून लावणीपर्यंत ३५ ते ४५ दिवस, लावणीपासून फुलापर्यंत जवळपास तेवढेच, फुलापासून हिरवी मिरची तोडायला ३ ते ४ आठवडे आणि झाडावर लाल व्हायला ५० ते ६० दिवस. हिशोब जुलैच्या पहिल्या पंधरवड्यावर येतो. तेव्हा बी टाका, ऑगस्टच्या उत्तरार्धात लावणी करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हिरवी मिरची सुरू होईल आणि त्यानंतर लाल. फक्त भाजी-आमटीपुरती हिरवी हवी असेल तर दुसरी पेरणी डिसेंबरमध्ये करता येते. ती झाडं एप्रिलपर्यंत देतात, मग सावलीत जगवायची आणि पावसाळ्यात पुन्हा फुलवायची.

कोणती मिरची कशाला

ठेच्याला आणि फोडणीला ज्वाला किंवा लवंगी. ज्वालाची साल पातळ, सुरकुतलेली, तिखटपणा चांगला, आणि कुंडीत ती भरपूर लागते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा परभणी तेजस हा इथल्या हवेत तयार झालेला वाण आहे, बी मिळालं तर जरूर लावा. सारण भरून वाळवायच्या सांडगी मिरचीला जाड सालीची, बोटभर लांबीची, कमी तिखट मिरची लागते. तिखटासाठी गुंटूरकडची जी-४ किंवा तेजा झणझणीत असते, पण रंग बेताचा. रंग ब्याडगीचा, मात्र तिला तिखटपणा कमी. घरच्या तिखटात दोन्ही मिसळायची पद्धत त्यासाठीच आहे.

भूत जोलोकिया आणि हबानेरो गच्चीवर लावायची हल्ली हौस आहे. भूत जोलोकियाची २००७ मध्ये जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनीज बुकात नोंद झाली होती. या मिरच्या वेगळ्या जातीच्या आहेत. बी उगवायलाच २ ते ४ आठवडे लागतात, लावणीनंतर फळ पिकायला ४ महिने जातात आणि त्यांना दमट हवा लागते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत त्यांना अर्धवट सावली द्या, बी जूनमध्येच टाका, आणि एका घराला एक झाड पुष्कळ झालं.

किती झाडं लावायची याचा अंदाज आधी घ्या. कुंडीतलं नीट जपलेलं झाड हंगामात साधारण अर्धा ते एक किलो हिरवी मिरची देतं. एक किलो लाल ओली मिरची वाळून २५० ते ३०० ग्रॅम उरते. म्हणजे एक किलो वाळली मिरची हवी तर साडेतीन-चार किलो लाल मिरची लागणार, ती ६ ते ८ झाडांची. गच्चीवरच्या दहा कुंड्यांत घराची हिरवी मिरची, बरणीभर रंजका आणि थोडी सांडगी मिरची निघते. वर्षाचं तिखट मात्र जमिनीतल्या वाफ्यावरच निघेल. वाफा नसेल तर नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादच्या किंवा जवळच्या बाजारातून वाळली मिरची आणावी आणि कुंडीतली ताज्या वापराला ठेवावी.

बी आणि रोप

एका ग्रॅममध्ये मिरचीचं दीडशे-दोनशे बी बसतं, घराला चिमूटभर पुरे. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी निथळून त्यावर चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) भुकटी चोळा. रोपांच्या ट्रेमध्ये किंवा तळाला भोकं पाडलेल्या कागदी कपात धुतलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं भरा. अर्धा ते एक सेंटिमीटर खोल एकेक बी ठेवा, वरून फवाऱ्यानं पाणी द्या आणि कोंब दिसेपर्यंत ट्रे ओल्या पोत्यानं किंवा कागदानं झाका. जुलैत सातव्या ते दहाव्या दिवशी उगवतं. डिसेंबरच्या थंडीत पंधरा दिवस लागतात, तेव्हा ट्रे घरात उबदार जागी ठेवा. कोंब वर आला की त्याच दिवशी झाकण काढा. एक दिवस उशीर झाला तरी रोप लांबुळकं आणि पांढुरकं होतं, ते पुढे कधी जोर धरत नाही.

रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडायला लागलं तर ती मर. कारण जवळजवळ नेहमी एकच, पाणी जास्त आणि हवा कमी. पाणी रोज ठराविक वेळी न देता वरचा थर कोरडा दिसला की द्या, तेही सकाळी.

पुढच्या सगळ्या हंगामाचं भवितव्य ज्यावर ठरतं ते काम म्हणजे रोपांवर बारीक जाळी. बोकड्याचा, म्हणजे पानं मुरडणाऱ्या रोगाचा, विषाणू पांढऱ्या माशीबरोबर येतो आणि दोन-चार पानांच्या वयात लागला तर त्या झाडाला पुढे मिरची लागतच नाही. चार काड्या वाकवून त्यावर ४० मेशची (इंचाला ४० छिद्रं) कीटकरोधक जाळी टाका, कडा मातीत दाबा. जाळी नसेल तर जुनी पातळ मच्छरदाणी दुहेरी करून वापरा. लावणीपर्यंत ती फक्त पाणी देताना उघडायची.

कुंडी, माती, लावणी

एका झाडाला किमान १२ इंच तोंडाची आणि तितक्याच खोलीची कुंडी हवी. रंगाचा २० लिटरचा डबा उत्तम चालतो, तळाला बोटाएवढी सहा-सात भोकं पाडा. शेतातली काळी माती नुसती भरू नका. जमिनीत ती सोनं असली तरी कुंडीत पावसाळ्यात चिखल होऊन मुळांची हवा तोडते आणि उन्हात भेगाळून बाजूच्या कडेनं पाणी सरळ खाली जाऊ देते. वरून वाटतं झाडाला पाणी मिळालं, आत गोळा कोरडाच. दोन भाग माती, दोन भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू आणि एक भाग कोकोपीट असं मिसळा. दर कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड घाला. शेणखत किमान सहा महिन्यांचं, वास नसलेलं हवं. ताज्या शेणात हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि मुळं जळतात.

जमिनीत लावायचं तर भारी जमिनीत गादीवाफा करा, वीतभर उंच. सप्टेंबरात मराठवाड्यात दोन-दोन दिवस संततधार लागते आणि मिरचीचं मूळ साचलेल्या पाण्यात एक दिवसही काढत नाही. दोन झाडांत दीड फूट, दोन ओळींत दोन फूट अंतर ठेवा. वाफ्याच्या चहूबाजूंनी ज्वारीच्या किंवा मक्याच्या दोन ओळी महिनाभर आधी टोकून घ्या, पांढरी माशी आणि मावा त्या आडोशाला अडतात.

रोप वीतभर झालं, सहा-आठ पानं आली की लावणी. चार-पाच दिवस आधी जाळी दिवसातून दोन तास काढून रोपाला ऊन दाखवा. लावणी ऊन उतरल्यावर करा, ट्रेमधल्या खोलीइतकंच रोप खोवा आणि लगेच पाणी द्या. कुंड्या स्लॅबवर थेट न ठेवता विटांवर ठेवा. दुपारी तापलेल्या स्लॅबची धग तळातून मुळांना लागते, आणि पाण्याचा निचराही बंद होतो. आधाराला तुराट्या किंवा पऱ्हाट्या (तुरीच्या, कपाशीच्या वाळल्या काड्या) सुतळीनं सैल बांधा. मिरचीचं झाड फळांनी लगडलं की फांदी सांध्यातून फाटते, म्हणून आधार फळं येण्यापूर्वीच द्यायचा.

खोड जिथे पहिल्यांदा कात्रीसारखं दुभंगतं तिथे पहिलं फूल येतं. ते खुडा. त्याखालचे फुटवेही काढून टाका. आठवडाभर फूल उशिरा येईल, पण झाड आधी अंग धरेल.

पाणी, खत आणि पिवळं पान

पाणी बोटानं तपासा. मातीत बोटाची दोन पेरं खुपसून बघा. ओल लागली तर पाणी नको. द्यायचं तेव्हा खालच्या भोकांतून निथळेपर्यंत द्या. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड पुरतं, उन्हाळ्यात रोज, कधी दोनदा. दुपारी पानं मान टाकतात आणि सूर्य कलला की पुन्हा ताठ होतात, हे उन्हामुळे. संध्याकाळीही ताठ झाली नाहीत तर मुळात बिघाड समजा. मातीवर दोन बोटं जाड सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट अंथरलं तर पाणी निम्म्यावर येतं. मार्चअखेरीपासून पाऊस पडेपर्यंत ५० टक्के सावलीची हिरवी जाळी डोक्यावर हवीच.

इथल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, जमिनीतही चुनखडी. कुंडीच्या काठाला पांढरा थर धरतो आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता आहे. मातीत लोह असतं पण चुन्यामुळे मुळांना घेता येत नाही. युरिया टाकून हे पिवळेपण जात नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला १ ग्रॅम घेऊन दर दहा दिवसांनी दोन-तीनदा फवारा आणि महिन्यातून एकदा साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं कुंडी भरपूर धुवून काढा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर मात्र नत्र कमी आहे.

खताचं वेळापत्रक असं ठेवा. लावणीनंतर पंधरा दिवसांनी शेंगदाण्याची पेंड ५० ग्रॅम एक लिटर पाण्यात तीन दिवस भिजवून, गाळून, दहापट पाण्यात मिसळून दर कुंडीला अर्धा लिटर. पुढे दर पंधरवड्याला हेच. विद्राव्य खत वापरणाऱ्यांनी फुलं येईपर्यंत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) लिटरला ३ ग्रॅम, फळं धरल्यावर १३:०:४५ तितकंच. फळाच्या टोकाला खोलगट काळपट डाग पडत असेल तर कॅल्शियम पोचत नाही. कॅल्शियम नायट्रेट लिटरला २ ग्रॅम स्वतंत्र द्या, दुसऱ्या कुठल्याही खतात मिसळू नका, खाली साका बसतो. पण खरं कारण बहुधा पाण्याची ओढाताण असते, दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी तुंब. झाड गर्द हिरवं, पानं तळहाताएवढी आणि फूल एकही नाही, तर नत्र जास्त झालंय. महिनाभर काही घालू नका.

पान कोणत्या बाजूला वळलंय ते आधी बघा

मिरचीचं पान मुरडलं की सगळे बोकड्या म्हणतात आणि दुकानातून मिळेल ते औषध मारतात. तीन वेगवेगळ्या गोष्टींना हे एकच नाव पडलेलं आहे आणि तिन्हींचा उपाय वेगळा.

पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार झाला, पान खालून चंदेरी-तपकिरी दिसतंय, तर ते फुलकिडे. पांढरा कागद फांदीखाली धरून टिचकी मारा, सुईच्या टोकाएवढे लांबट किडे चालताना दिसतील. कोरडी हवा आणि वाढतं ऊन त्यांना मानवतं, म्हणून फेब्रुवारीपासून जोर वाढतो. निळे चिकट सापळे झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर लावा. ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यानं पिळून, त्यात साबणाच्या पाण्याचे चार थेंब घालून त्याच संध्याकाळी वापरायचा. शिळा अर्क कामाचा नाही. आठ दिवसांनी पुन्हा.

पानाच्या कडा खाली वळल्या, पान अरुंद होऊन देठ लांबला, शेंडा काळपट-राठ झाला, तर कोळी. हा डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं. कोळी कीटक नाही, त्यामुळे साधी कीटकनाशकं त्याला लागू पडत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि तो फोफावतो. पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, पानाच्या खालच्या बाजूनं. पानांवर पांढरी भुरी असेल तर तीही यातच जाते. गंधक ३५ अंशांच्या वरच्या उन्हात मारू नका आणि निंबोळी किंवा तेलाच्या फवाऱ्यानंतर पंधरा दिवस थांबा, नाहीतर पानं करपतात.

पानं बारीक, घट्ट चुरगळलेली, शिरा जाड, झाडाची वाढ खुंटून झुपका झालेला, तर हा विषाणू. याला औषध नाही. दुकानदार काहीही देवो, ते झाड सुधारत नाही. उपटा, पिशवीत भरून बाहेर टाका, कंपोस्टात नको. शेजारच्या झाडांवर पिवळे चिकट सापळे लावून पांढरी माशी आटोक्यात ठेवा. दोन महिने वाढवलेलं झाड उपटायला जीवावर येतं, पण ते ठेवलं तर बाकीचीही जातात.

पावसाळ्याच्या शेवटी पिकत्या मिरचीवर खोलगट गोल डाग, त्यात काळी वर्तुळं, आणि फांद्या शेंड्याकडून वाळत येणं, ही बुरशी आहे. डागाळलेली फळं आणि वाळक्या फांद्या चार बोटं खालून कापून नष्ट करा, पाणी पानांवर पडू देऊ नका. रासायनिक औषध वापरायचं ठरवलंच तर पाकिटावर दिलेले तोडणीपूर्वीचे प्रतीक्षेचे दिवस पाळा. घरची मिरची आपण त्याच दिवशी तोडून खातो, याचा विसर पडू नये.

पोपट आणि बुलबुल पिकलेली मिरची सरळ खातात. पक्ष्यांना तिखट लागत नाही. लाल व्हायला सोडलेल्या झाडांवर जाळी टाका.

तोडणी

हिरवी मिरची चकचकीत, ताठ आणि बोटांना भरीव लागली की देठासकट तोडा, ओढू नका. दर चार-पाच दिवसांनी तोडत राहिलं की नवी फुलं येत राहतात. झाडावर मिरची लाल व्हायला सोडली की फुलणं मंदावतं. म्हणून काही झाडं हिरव्यासाठी आणि काही लालसाठी अशी नोव्हेंबरातच वाटणी करा. हिरव्या मिरच्या धुवू नका, देठ काढून कोरड्या फडक्यात गुंडाळून हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन आठवडे राहतात. जास्तीच्या फ्रीझरमध्ये टाका, मऊ पडतात पण फोडणीला आणि वाटणाला उत्तम चालतात.

सांडगी मिरची

एक किलो जाड हिरव्या मिरच्या धुवून, पूर्ण कोरड्या करून, देठ ठेवून एका बाजूनं उभी चीर द्या. तिखटपणा कमी हवा तर आतली पांढरी दांडी खरवडून काढा. तिखट तिच्यात असतं, बियांना ते तिच्याकडूनच लागतं. सारणाला धणे ५० ग्रॅम आणि जिरं २५ ग्रॅम भरड, मेथी १५ ग्रॅम भाजून कुटलेली, मीठ ९० ग्रॅम, हिंग ५ ग्रॅम, चमचाभर हळद आणि मळण्यापुरतं आंबट दही. भरून एक रात्र पातेल्यात झाकून ठेवा, सकाळी उन्हात. सुटलेलं पाणी फेकू नका, संध्याकाळी मिरच्या त्यातच परत घोळवा. पाणी संपलं की नुसतं वाळवण, हिवाळ्यात आठ-दहा दिवस, एप्रिलात पाच. मोडली तर कडकन आवाज यायला हवा. दह्याचा अंश असल्यानं अर्धवट वाळलेली मिरची महिनाभरात बुरसटते.

रंजका

ओल्या लाल मिरचीचा रंजका ही मराठवाड्याच्या हिवाळ्याची खास चीज. ज्वारीची भाकरी, वर रंजका आणि कच्चं तेल. यात मिरची किती चांगली यापेक्षा पाणी किती काढलं यावर बरणी टिकते.

मिरची पूर्ण लाल, ताठ, देठ हिरवा असलेली घ्या. सुरकुतलेली किंवा डाग असलेली एकही नको. देठ काढण्याआधी धुवा. आधी देठ काढले तर धुताना पाणी मिरचीच्या पोटात शिरतं आणि नंतर कितीही पुसलं तरी निघत नाही. धुतलेल्या मिरच्या सुती कापडावर पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवा, सकाळी दोन तास ऊन द्या, मग देठ काढा. देठ काढलेल्या एक किलो मिरचीला १५० ग्रॅम जाडं मीठ (कढईत कोरडं भाजून गार केलेलं), २०० मिली लिंबाचा रस म्हणजे रसाळ ८ ते १० लिंबं, १०० ग्रॅम सोललेला लसूण, १५ ग्रॅम जिरं, तेलात तळून कुटलेली १० ग्रॅम मेथी आणि ५ ग्रॅम हिंग.

पाट्यावर किंवा मिक्सरला थांबत-थांबत भरड वाटा. मिक्सर सलग फिरवला तर वाटण गरम होतं, रंग उतरतो आणि बी चिरडून कडवटपणा येतो. लसूण मिरचीबरोबरच वाटा. सगळं एकत्र करून उकळत्या पाण्यानं धुतलेल्या, उन्हात खडखडीत वाळवलेल्या चिनीमातीच्या बरणीत भरा. दाबून भरा म्हणजे आत हवा राहत नाही, आणि वर चार बोटं जागा ठेवा. पहिले पाच-सहा दिवस रंजका आंबतो, बुडबुडे येतात, फुगतो. रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्यानं ढवळा आणि बरणीच्या कडेला चिकटलेलं आत ढकला, बुरशी बहुतेक वेळा त्या कडेवरच धरते. फुगणं थांबलं की वरचा भाग सपाट करून, तापवून पूर्ण गार केलेल्या तेलाचा पातळ थर द्या.

मीठ आणि लिंबू यांच्यात काटकसर करू नका. त्यांच्याशिवाय तेलाखाली दडलेला लसूण धोकादायक ठरतो, कारण हवा नसलेल्या जागी घातक जंतू वाढतात आणि ते वासानं कळत नाहीत. मीठ कमी खायचं असेल तर रंजका थोडाच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा. पूर्ण मीठ असलेली बरणीही मार्चनंतर फ्रिजमध्ये हलवणं चांगलं. हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचं वापरायचं नाही, पूर्ण बरणी टाकायची. वाढताना वाटीभर रंजक्यावर मोहरीची चरचरीत फोडणी घालतात, ती खायच्या वेळीच घाला, बरणीत नको.

वाळवण आणि तिखट

वाळवायची मिरची झाडावरच थोडी सुरकुतू द्या. तोडल्यावर एक-दोन दिवस सावलीत ढीग करून पोत्यानं झाका. अर्धवट रंगलेल्या मिरच्या तेवढ्यात एकसारख्या लाल होतात. याहून जास्त दिवस ढीग ठेवला तर आतून घाम येऊन सडतो. मग स्वच्छ कापडावर किंवा ताडपत्रीवर एकेरी थर. जमिनीवर थेट नको, माती लागते आणि मातीतली बुरशीही. तापलेल्या पत्र्यावरही नको, साल करपून काळपट होते. दिवसातून दोनदा परता. दिवस मावळला की गोळा करून झाका, डिसेंबर-जानेवारीचं दव एका रात्रीत दोन दिवसांचं वाळवण परत ओलं करतं. हिवाळ्यात १० ते १५ दिवस लागतात, एप्रिलात ५ ते ७. यंत्रात वाळवायचं तर ५५ ते ६० अंशांवर, मिरची चिरून.

हलवल्यावर बी खुळखुळलं पाहिजे आणि देठ वाकवला की मोडला पाहिजे. देठाजवळची साल दाबून मऊ लागली तर अजून दोन उन्हं द्या, ओल सर्वांत शेवटी तिथून जाते. मिरची फोडून बघा. आत करड्या-काळ्या भुकटीसारखी बुरशी दिसली तर ती मिरची फेका. या बुरशीचं विष भाजून किंवा तळून जात नाही आणि कांडपात एक वाईट मिरची सगळ्या तिखटात मिसळते.

तिखट एकदम वर्षाचं करू नका. अख्खी मिरची देठासकट हवाबंद डब्यात अंधारात ठेवली तर वर्षभर रंग धरते, भुकटी उजेड आणि हवा लागून तीन-चार महिन्यांत फिकी पडते. गरजेपुरती मिरची काढा, देठ खुडा, कांडपाला नेण्याआधी एक कडक ऊन द्या. कांडपातून आलेलं तिखट गरम असतं. ते तसंच डब्यात भरलं की झाकणाला वाफ धरते आणि आठवड्यात गुठळ्या होतात, म्हणून परातीत पसरून पूर्ण गार करा. बरणीत हिंगाचे खडे ठेवायची रीत चांगली, पण ओलसर तिखट हिंगानं वाचत नाही. किडे होण्याची भीती असेल तर डबाबंद तिखट चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून काढा, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका.

ही सगळी कामं करताना हाताला आधी खोबरेल चोळा किंवा हातमोजे घाला. तिखटाचं द्रव्य तेलात विरघळतं, नुसत्या पाण्यात नाही. आग झाली तर तेल चोळून पुसा, मग साबणानं धुवा. डोळ्यात गेलं तर मात्र तेल नको, भरपूर पाण्यानं धुवा.

पुढच्या जुलैसाठी बी

संकरित वाणाचं बी धरू नका, पुढच्या पिढीत झाडं एकसारखी निघत नाहीत. सरळ वाणाच्या सर्वांत निरोगी झाडावरच्या दोन-चार फांद्या कळ्या उमलण्याआधी पातळ कापडी पिशवीत बांधा. मिरची स्वतःच फळते, पण मधमाशी शेजारच्या वाणाचे पराग आणते आणि ज्वालाच्या बीतून भलतंच उगवतं. पिशवीतली फळं पूर्ण लाल होऊन सुरकुतली की फोडा, बी कागदावर सावलीत आठवडाभर वाळवा. बी दुमडून बघा, वाकलं तर ओल आहे, तुटलं तर झालं. काचेच्या छोट्या बाटलीत वाण आणि महिना लिहून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. दोन वर्षं चांगलं उगवतं. तिसऱ्या वर्षी ओल्या फडक्यात दहा बिया गुंडाळून आधी उगवण तपासा, सहापेक्षा कमी निघाल्या तर नवं बी आणा.